पुंगळी काढलेल्या गाड्या: तुमचे अनुभव लिहा

भाच्याने दिवाळीत जुनी डिझेल पिकअप घेतली. भाजीची भाडी मारतो, कष्टाळू पोर आहे. पण महिन्याभरात सायलेन्सरचा डबा कापला आणि सरळ पाइप ठोकला. आता पहाटे साडेतीनला तो मार्केटला निघाला की अख्खी आळी उठून बसते. बोललो तर म्हणतो, "मामा, पीयूसी निघालीय की! बेकायदा असतं तर दिली असती का?" मला उत्तर सुचेना, म्हणून हा धागा. बुलेट, पिकअप, ट्रॅक्टर, काहीही चालेल. बसवणारे, ऐकणारे, पकडले गेलेले, सगळे लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

काळा कोट

पीयूसीचं आधी मिटवते. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर मोजतात. आवाज मोजतच नाहीत, त्यामुळे त्या कागदाचा इथे काही उपयोग नाही.

माझ्याकडे एक बुलेटवाला आला होता. त्याचं म्हणणं, "पोलिसांनी मीटर लावला नाही, मग आवाज जास्त होता हे ठरवलं कुणी?" मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती चाचणी साडेसात मीटरवर माइक ठेवून, ठरलेल्या पद्धतीने होते. चौकात उभं राहून तशी चाचणी होत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मीटर लागतच नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल केला, एवढं पुरतं. कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणासाठी १९०(२) वेगळं आहे. त्यात १०,००० पर्यंत दंड आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. भाच्याचा तर डबाच जागेवर नाही. गाडीखाली वाकून बघितलं की झालं.

हातोडी-पाना

मी हे काम केलंय, खोटं कशाला बोलू. बुलेटच्या सायलेन्सरचं तोंड कापायचं, आतली भोकाभोकांची नळी पक्कडीने पिळून ओढायची. तीच पुंगळी. बाहेर येते तेव्हा काजळीने मढलेली असते, हात दोन दिवस काळे राहतात. इंजिनातून धडका मारत येणारा वायू त्या भोकांतून आणि कप्प्यांतून फिरता फिरता थंडावतो. पुंगळी गेली की धडका जशाच्या तशा बाहेर. पेट्रोल गाडीचा थ्रॉटल सोडला की न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पेटतं, त्याचे ते फटाके. डिझेलचे तसे फुटत नाहीत. डिझेल गुरगुरतं, वर टर्बोची शिट्टी.

"पिकअप वाढला" असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. कान भरले की गाडी पळतेय असं वाटतं, बाकी काही नाही. इंजिनात डिझेल तेवढंच पडतंय ना! बीएस-६ (नव्या, कडक धूरनियमांच्या) गाडीत तर नादच करू नये. तिथे पाइपात काजळी धरणारा फिल्टर असतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दाब बघणारा सेन्सर. फिल्टर काढला की मीटरवर दिवा लागतो, गाडी ताकद सोडते, मग मालक आम्हा मेकॅनिकांच्याच नावाने शंख करतो.

मी बंद का केलं? एका पिकअपवाल्याने हट्टाने पाइप केबिनच्या मागेच तोडायला लावला होता. आठ दिवसांनी आला, म्हणे रोज डोकं दुखतं. बसून बघितलं तर मागच्या रबरातून धूर आत येत होता. पैसे न घेता पाइप मागच्या चाकापलीकडे नेऊन दिला. तेव्हापासून असलं काम घेत नाही. बाकी गॅरेजं घेतात, आणि पासिंगच्या आदल्या दिवशी जुना डबा परत लावूनही देतात.

एकदाच सापडलो

कॉलेजात असताना बुलेटला इंदोरी सायलेन्सर, म्हणजे बाजारात मिळणारा मोठ्या आवाजाचा, लावला होता. नाक्यावर हवालदारसाहेबांनी लांबूनच हात केला. मी दिसायच्या आधी ऐकू आलो होतो! चलन केलं ते तडजोडीचं, म्हणजे कोर्टात न जाता पैसे भरून मिटवायचं, म्हणून कायद्यातल्या आकड्यापेक्षा कमी. पण सायलेन्सर तिथेच काढायला लावला. पाइप तापलेला, पाना घसरतोय, ओळखीच्या दोन मुली रिक्षातून बघत गेल्या. सायलेन्सर त्यांनी जमा केला आणि मला म्हणाले, गाडी ढकलत ने. ढकलली कोपऱ्यापर्यंत. मग किक मारली. बिनसायलेन्सरची बुलेट काय आवाज करते ते त्या दिवशी कळलं, दुसऱ्या कोपऱ्यावर परत सापडलो.

(जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात त्याचे फोटो पेपरात येतात ना, त्यातला एक माझा असणार.)

रात्रपाळी

इस्पितळाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, रात्री ४० डेसिबलची मर्यादा. आमच्या फाटकावर पाटीही आहे. बाळांच्या विभागात असते मी. पाऊण तास थोपटून झोपवलेलं बाळ एका गाडीने दचकतं, दोन्ही हात फाकतात, मॉनिटरवर ठोके वर जातात. एक रडलं की शेजारची तीन. गाडी तोवर पुलापलीकडे गेलेली असते.

टेक्सासचा पाहुणा

इकडे तर डिझेल पिकअप म्हणजे घरटी एक. शेजाऱ्याच्या ट्रकला सरळ पाइप आहे आणि "टेक्सासमध्ये डेसिबलचा आकडाच नाही" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आकडा नाही हे खरं. पण चालू स्थितीतला मफलर हवा आणि तो वगळून जाणारी सोय नको, एवढं राज्याच्या कायद्यात स्पष्ट आहे. त्याने धुराचा फिल्टरही काढलाय, तो देशभरच्या 'क्लीन एअर अ‍ॅक्ट'चा भंग. टेक्सासात डिझेल गाड्यांची धूरचाचणी होत नाही, त्यामुळे निभावतं. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला होता, की आधीच्या दहा वर्षांत देशभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची अशी छेडछाड झाली. म्हणजे भाचा एकटा नाही, कळवा त्याला. किंवा नका कळवू.

गोठेवाली

आमची म्हैस पिकअपला बुजून पान्हा चोरते. गाडी गेल्यावर अर्धा तास धार निघत नाही. कलम कुठलं लावायचं?

धागाकर्ता

सगळं भाच्याला वाचून दाखवलं. कलमांना तो हसला. धूर केबिनमध्ये येतो हे ऐकून मात्र गप्प झाला, त्याचंही डोकं दुखत होतं म्हणे. कापलेला डबा गोठ्याच्या माळ्यावर टाकला होता, तो काल उतरवला. एका तोंडाला कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. उद्या गॅरेजात नेणार आहे. वेल्डिंगचे पैसे मामाने द्यायचे असं ठरलंय.