टॅव्हर्नला मराठीत काय म्हणायचं?

मुक्ता: बाबा साताऱ्याहून आलेत. परवा व्हर्जिनियात ब्रॉक रोड आणि कॅथार्पिन रोड जिथे मिळतात, तिथल्या टॉड्स टॅव्हर्नच्या फलकापाशी थांबलो. ती इमारत आता नाही. बाबांनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "इथे दारूचा गुत्ता होता." तर म्हणतात, "गुत्त्याला कुणी पाटी लावतं होय?" अमेरिकेच्या यादवी युद्धात 7 मे 1864 ला इथे दोन्ही बाजूंची घोडदळं भिडली, आणि त्याच रात्री उत्तरेच्या बाजूचा सेनापती ग्रँट याचं सैन्य माघारी न फिरता याच चौफुलीवरून दक्षिणेला निघालं, हे मग सांगितलं. पण गुत्ता काही त्यांच्या मनातून जाईना. योग्य शब्द कोणता?

वाईकर: सराई. मुक्काम, जेवण, घोड्याला दाणावैरण, सगळं त्यात आलं.

मोडीवाचक: गुत्ता अजिबात चुकलेला नाही! गुत्ता म्हणजे मक्ता. कानडी 'गुत्तिगे' पाहा. सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेतला, म्हणून दुकानाला गुत्ता. जुन्या व्हर्जिनियातही टॅव्हर्नचा परवाना काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, न्यायालयच देई. जेवणाचे, दारूचे, घोड्याच्या दाण्याचेही दर तेच ठरवून देई.

वाईकर: मूळ काही का असेना, आज गुत्ता म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? बाबांचं बरोबर आहे.

पेडणेकर: गोव्यात 'तावेर्न' आहेच की. पोर्तुगिजांबरोबर आला, मूळ लॅटिन 'ताबेर्ना'. आमचे आजोबा संध्याकाळी तावेर्नात बसत. बाकावर फेणीचा पेला आणि शेजारी वाण्याकडून आणलेली मिठाची पुडी. घरी कुणी त्याला गुत्ता म्हटलेलं त्यांना खपत नसे.

शुद्धमती: परका शब्द कशाला? 'पथिकगृह' म्हणा.

पेडणेकर: सराई फारसी आहे, ती चालते?

शुद्धमती: ती रुळली.

पेडणेकर: तावेर्नही रुळलंय, आमच्याकडे.

कुडाळचा: मुक्ता, ते चौफुली खटकलं. चव्हाटा म्हणा.

मोडीवाचक: चव्हाटा म्हणजे चौ अधिक हाट. तिथे बाजार हवा.

कुडाळचा: आमच्या चव्हाट्यावर बाजार कधीच नव्हता. तिथे देव आहे, नारळ ठेवल्याशिवाय आई पुढे पाऊल टाकत नसे.

मुक्ता: बाबांनी काल फोटो काकांना पाठवला. खाली लिहिलं, 'टॉडचा फाटा'.

वाईकर: पण फाटा म्हणजे एक रस्ता फुटून निघतो तो. इथे तर दोन एकमेकांना ओलांडतात ना?