मॅपिंग चाललं की कर्सर कुठे असावा?

अनवट:
विम या टेक्स्ट एडिटरमध्ये स्वतःचं मॅपिंग (एका कीवर बसवलेल्या कमांड) लिहायचं तर काम झाल्यावर कर्सर होता तिथेच सापडला पाहिजे. ओळीच्या शेवटच्या फालतू स्पेस पुसणारं मॅपिंग घ्या. सब्स्टिट्यूट ही शोधून बदलायची कमांड अख्ख्या फाइलवर चालते आणि कर्सरला शेवटच्या बदललेल्या ओळीवर नेऊन सोडते. लिहीत होतात ४० व्या ओळीवर, पोचलात ९०० व्या. यावर बरेच जण आधी 'एम ए' दाबून 'ए' नावाचा मार्क, म्हणजे जागेची खूण, ठेवतात आणि शेवटी 'बॅकटिक ए' ने परत येतात. मला हे अजिबात पटत नाही. 'ए' मार्क वापरणाऱ्याचा आहे; त्याने तिथे ठेवलेली खूण तुम्ही परस्पर उडवता. शिवाय मार्क ओळ आणि कॉलम देतो, पण स्क्रीन कुठे स्क्रोल केली होती ते विसरतो. विनसेव्हव्ह्यू-विनरेस्टव्ह्यू ही फंक्शनची जोडी (एक स्थिती साठवतं, दुसरं परत आणतं) तेही सांभाळते. एवढी सोय असताना मार्क कशाला?

रातराणी:
स्पेस पुसण्यापुरतं मान्य, कारण तिथे ओळींची संख्या बदलत नाही. पण सलग आलेल्या रिकाम्या ओळींपैकी एकच ठेवणारं मॅपिंग लिहून बघा. कर्सरच्या वरच्या १० ओळी गेल्या, तरी विनरेस्टव्ह्यू जुन्याच नंबरवर नेतो, म्हणजे मजकुरात १० ओळी पुढे! मार्क ओळीला बांधलेला असतो, वरचं काही गेलं की तोही वर सरकतो. 'ए' ची एवढी काळजी असेल तर गेटपॉस फंक्शनने त्याची जुनी जागा काढून ठेवा आणि शेवटी सेटपॉसने लावा.

अनवट:
पण गेटपॉस देतो तोसुद्धा ओळीचा नंबरच. ओळी गेल्या की ती जागाही चुकली. आणि कर्सर ज्या रिकाम्या ओळीवर होता तीच उडाली तर? मार्क गेला, मॅपिंग एरर देऊन थांबलं. विमवरून निघालेल्या निओविममध्ये एक्स्टमार्क नावाचे वेगळे मार्क आहेत, ते मजकुराबरोबर सरकतात आणि वापरणाऱ्याच्या अक्षरी मार्कांना हातही लावत नाहीत. ओळी कमी-जास्त होणार असतील तर मी तेच वापरीन.

शाईपेन:
दोघंही ओळीवरच भांडताय, कॉलमचं काय? मराठी मजकुरात मॅपिंग खरं फसतं ते तिथे. कॉलम सांगणारं 'col' फंक्शन अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'क' चे ३ बाइट होतात. कॉलममध्ये १ मिळवून कर्सर पुढे ढकलायला गेलात तर तो त्याच अक्षरावर राहतो. इंग्रजीवर तपासून मॅपिंग वाटणाऱ्यांना हे कळतच नाही. नव्या विममध्ये अक्षरं मोजणारे कॅरकॉल आणि सेटकर्सरकॅरपॉस आहेत, ते वापरा.

रातराणी:
कॉलमचं अगदी बरोबर, माझी मॅपिंग्ज आजच तपासते. पण एक्स्टमार्क साध्या विममध्ये नाहीत, आणि सर्व्हरवर लॉगिन केलं की बहुतेकदा साधा विमच मिळतो. तिथे मी मार्कच ठेवणार.