शेतावरचं लहानपण प्रेमकथेत कसं आणायचं?

प्रश्न: माझं लहानपण शेतावरच गेलं, धारा काढणं, वैरण, कापणी सगळं केलंय. आता प्रेमकथा लिहितेय पण शेत आलं की नुसतं वर्णनच होत बसतं, हिरवंगार, वारा वगैरे, आणि ती दोघं बाजूलाच राहतात. काय करू?

उत्तर: वर्णन सोड, त्यांना कामाला लाव! धार दोन्ही वेळेला काढावीच लागते, म्हणजे कितीही भांडण झालेलं असो, दोघांना गोठ्यात यावंच लागणार. गाय रात्री विताना अडली तर वासराचे पाय धरून तिच्या कळेबरोबर ओढायचं, मग ते कोरडं करायचं, दोन-तीन तासांत चीक पाजायचा, आणि या सगळ्यात नायक घाई करतो की धीर धरतो हे नायिकेला दिसतं ना, तिथे डायलॉग लागतच नाही.

उत्तर: +१. शिवाय गाय साधारण २८० दिवस गाभण असते, म्हणजे कथेला आपोआप मुदत मिळते. तो गाय व्यायच्या आत परत येणार का, एवढ्यासाठी वाचक शेवटपर्यंत वाचत राहतो.

उत्तर: कर्ज, गेलेलं पीक, भावाभावांतली वाटणी हे गाळू नकोस प्लीज. शेतावरच्या माणसाने लग्न ठरवलं की कोण कोणाची जमीन सोडून जाणार हेही ठरवावं लागतं, मला तर खरा पेच तिथेच वाटतो.

प्रश्नकर्ती: हे डोक्यातच आलं नव्हतं, माझ्या नायिकेचंही स्वतःचं शेत आहे!! आज तोच सीन लिहायला घेते.