पिक्चर 'भयंकर' होता म्हणजे नेमका कसा होता?

सुरंगीचा वळेसर
मंडळी, खरोखरची अडचण आहे, हसू नका. आमचा सावंतवाडी-कुडाळकडच्या पिक्चरवेड्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. नवीन काही लागलं की जो आधी बघतो त्याने दोन ओळी टाकायच्या आणि मग बाकीच्यांनी ठरवायचं, कारण मोठ्या पडद्यावर धड बघायचं तर आम्हाला बऱ्याचदा गाडी काढून गोव्यात उतरायला लागतं, तिकीट राहिलं बाजूला पेट्रोलच जास्त. तर सप्टेंबरात 'द कॉन्ज्युरिंग : लास्ट राइट्स' बघून रात्री परत येताना मी लिहिलं, "आत्ताच सुटला. भयंकर आहे." एवढंच. सकाळी बघते तर दोघांनी बेत रद्द केलेला, चौघांनी तिकिटं काढलेली, आणि मामेबहीण विचारतेय, "एवढा वाईट आहे?" माझ्या मनात होतं की भीती वाटते. रद्द करणाऱ्यांना वाटलं टुकार आहे, तिकीट काढणाऱ्यांना वाटलं फार भारी आहे. तिन्ही बाजूंचं मराठी शाबूत आहे, घरी विचारून खात्री केली. आता दिवाळीत परत तेच, एकीकडे 'थामा', एकीकडे 'ब्लॅक फोन २', आणि मला एक शब्द लिहायची भीती वाटतेय. भुताच्या पिक्चरला भयंकर म्हणायचं का नाही? नाही तर काय म्हणायचं?

तत्समप्रेमी
भयंकर म्हणजे भय करणारा, जसा शुभंकर, प्रियंकर. तुमचा वापर शंभर टक्के बरोबर. चूक त्यांची, जे "भयंकर गोड", "भयंकर सुंदर" म्हणतात. शब्दाची धार अशीच जाते.

खाडीपलीकडचा
धार गेली ती कधीच गेली हो. माझी आजी (रत्नागिरीजवळचीच, शाळा चौथीपर्यंत) "यंदा कोकमं भयंकर धरली आहेत" म्हणायची, आनंदाने म्हणायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं इंग्रजीत काय म्हणतात ते. त्यामुळे हे आजच्या पोरांनी बिघडवलं वगैरे जाऊ द्या. उलट बघा, खतरनाक, डेंजर, बेक्कार, जहरी, सगळे धोक्याचे शब्द आपण कौतुकाला लावतो. भीती आणि कौतुक एकाच खुंटीला टांगायची सवय आहे आपल्याला.

तत्समप्रेमी
सवय आहे म्हणून बरोबर आहे असं होत नाही. भाषेला काही शिस्त?

एश्टीचा पास
शिस्त नंतर, आधी पिक्चरचं बोलू. मला लास्ट राइट्स भयंकर वाटला नाही, कुठल्याच अर्थाने. पहिला तासभर घरगुती मालिका चाललीय असं वाटत होतं, मुलगी, तिचं लग्न, जावई, तिच्या वडिलांचं, म्हणजे वॉरेन बाबांचं, पथ्यपाणी. तो लग्नाच्या कपड्यांच्या दुकानातला आरशांचा सीन मात्र कडक आहे, तिथे शेजारच्या काकांचे पॉपकॉर्न माझ्या मांडीवर आले. पण त्याला मी भीती म्हणणार नाही, ते दचकणं. दोन्हीत फरक आहे आणि हॉरर बघणाऱ्या निम्म्या लोकांचं भांडण त्या फरकावरच असतं. एकजण म्हणतो "जाम घाबरलो", दुसरा म्हणतो "काही नाही रे, मोठा आवाज करतात नुसता".

सुरंगीचा वळेसर
हो हो, हेच. इंग्रजीत जम्प स्केअर म्हणतात त्याला मराठीत एक नाम हवंय. मी एकदा "तीन ठिकाणी धसका बसला" लिहिलं तर ग्रुपवर एक काका म्हणाले धसका असा तीन-तीनदा बसत नाही.

खाडीपलीकडचा
काका बरोबर आहेत. धसका घेतला की माणूस महिनोनमहिने सुधारत नाही, धसका घेऊन अंथरूण धरतात. आमच्या वाडीतल्या एकाने खाडीत होडी उलटल्याचा धसका घेतला तो पुढे पाण्याकडे पाठ करून बसायचा. दीडशे रुपयांच्या तिकिटात धसका मिळत नाही. दचकणं क्षणाचं, घाबरणं पाच-दहा मिनिटांचं, धसका कायमचा. भिणं म्हणजे तर स्वभाव, "तो पाण्याला भितो". एवढी उतरंड इंग्रजीतही नसेल.

एश्टीचा पास
मग दचका म्हणा ना. "पिक्चरमध्ये चार दचके आहेत." हिसका, धक्का, झटका तसाच दचका.

तत्समप्रेमी
मी 'आकस्मिक भय' सुचवतो.

एश्टीचा पास
चार आकस्मिक भये आहेत. अरे देवा.
बरं, यावरून एक खरी गोष्ट, ही शब्दाचीच आहे म्हणून सांगतो. १९४२ मध्ये 'कॅट पीपल' नावाचा पिक्चर आला, निर्माता व्हॅल ल्यूटन. त्यात एक बाई रात्री एकटी चालतेय, मागे कोणीतरी आहे असं वाटतंय, पावलं, शांतता, ताण वाढत वाढत जातो आणि एकदम फिस्सकन आवाज होतो, सगळे उडतात, आणि बघतात तर काय, बस येऊन थांबलीय. तेव्हापासून त्या सगळ्या युक्तीला पिक्चरवाले 'ल्यूटन बस' म्हणतात. म्हणजे त्यांना जो शब्द मिळाला तो आपल्या स्टँडवर उभाच आहे. मी म्हणतो याला मराठीत 'एश्टी' म्हणा. "पिक्चर बरा आहे, पण नुसत्या एश्ट्या सोडल्यात." कळेल की नाही?

सुरंगीचा वळेसर
मला आवडलं, पण ग्रुपवर लिहिलं तर लोक टाइमटेबल विचारतील.

नाताळची नेवरी
मध्येच बोलते. शब्दाचंच चाललंय तर, कोणीतरी कुठेतरी 'लास्ट राइट्स'चं मराठी 'अंत्यसंस्कार' केलेलं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्यात ते मेल्यावर नसतं हो, मरायच्या आधी असतं. माणूस अंथरुणावर आहे, शेवट जवळ आलाय, तेव्हा पाद्री येतात, कपाळाला, हाताला तेल लावतात, पाप कबूल करून घेतात, प्रसाद देतात. माझ्या वडिलांच्या वेळेला पाद्री आले, तेल लावलं, आणि त्यानंतर बाबा दीड वर्ष जगले, रोज म्हणायचे माझं तेल फुकट गेलं. याला अंत्यसंस्कार म्हटलं तर आमच्या घरात हसतील. पिक्चरच्या नावाचा अर्थच त्या एका चुकीने उलटा होतो, कारण मेल्यानंतर वाचवायला राहिलं काय?

खाडीपलीकडचा
हे माहीत नव्हतं. मग मराठीत काय म्हणता तुम्ही?

नाताळची नेवरी
आम्ही घरात म्हणतो "पाद्रीला बोलवा". बस. ज्याला कळायचं त्याला कळतं.

शिरोड्याचं मीठ
थामा बघून इलंय. पिक्चर बरो होतो, पण ह्या बेतालाचा माका काय पटाक नाय.
आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. त्यात रक्त पिणारी जी जमात दाखवलीय तिला बेताल म्हटलंय. वेताळ तो, संस्कृतात वेताल, हिंदीत बेताल, इथपर्यंत ठीक. पण आमच्याकडे वेताळ म्हणजे देव. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, माणसापेक्षा उंच मूर्ती, लोक नवसाला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याचे मोठ्ठे चपलांचे जोड अर्पण करतात, कारण तो रात्री गावात फिरतो, राखण करतो आणि चपला झिजतात. ज्याच्या चपला आम्ही करून देतो त्याला तुम्ही मानेचा घोट घेणारा केलात. माझी आई पोस्टर बघून म्हणाली, "ह्या कोणाचा पोर?"

एश्टीचा पास
वेताळपंचविशीतला वेताळ तरी कुठे देव होता? झाडावरच्या प्रेतात बसून गोष्टी सांगायचा आणि परत जाऊन लटकायचा. त्या अंगाने रक्तपिपासू जमातीला ते नाव देणं फार लांबचं नाही. पिक्चर म्हणून माझी तक्रार वेगळी आहे, हॉरर-कॉमेडी म्हणतात आणि दोन्ही अर्धं अर्धं, प्रेमकथाच पाऊण. याच दिग्दर्शकाचा 'मुंज्या' मला जास्त आवडला होता, २०२४चा.

शिरोड्याचं मीठ
मुंज्या न्हय, मुंजा.

एश्टीचा पास
पिक्चरचं नावच मुंज्या आहे.

शिरोड्याचं मीठ
पिक्चरचं असेल. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आधी पोरगा गेला, तो मुंजा, पिंपळावर. 'या' लावला की हाक मारल्यासारखं होतं, बंड्या, पक्या, तसा मुंज्या. भुताला लाडाने हाक मारत नाहीत. आमच्याकडे तर तिन्हीसांजेला नावच घेत नाहीत, "बाहेरचं" म्हणतात.

खाडीपलीकडचा
गुहागर-दापोलीकडे मी मुंज्या ऐकलेलं आहे, लहानपणापासून. आणि लाडाने नाही, तुच्छतेने. हाकेचा 'या' दोन्हीला चालतो.

शिरोड्याचं मीठ
गुहागर म्हणजे वरचं कोकण. तुमचं वेगळं.

खाडीपलीकडचा
झालं, आता नकाशा काढा.

तत्समप्रेमी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? शास्त्रात याचं उत्तर आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस, त्यातला भयानक, त्याचा स्थायीभाव भय. आणि बीभत्स वेगळा, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. आजचे निम्मे भयपट खरं तर बीभत्सपट असतात, रक्त, आतडी, उलट्या. प्रेक्षक भ्यायलेला नसतो, त्याला शिसारी आलेली असते. मग तो बाहेर येऊन "भयंकर" म्हणतो कारण त्याला शिसारी हा शब्द आठवत नाही.

सुरंगीचा वळेसर
हे पटलं मात्र. शिसारी हा शब्दच मी कित्येक वर्षांनी वाचला. आमच्याकडे "कसंतरी झालं" म्हणतात, त्यात सगळं येतं.

खाडीपलीकडचा
आणि भयाण विसरलात सगळे. भयाण माणूस नसतो, पिक्चरही नसतो, जागा असते किंवा वेळ असते. भयाण वाडा, भयाण शांतता. भयंकर शांतता कोणी म्हणत नाही. 'तुंबाड' बघितलात? २०१८च्या ऑक्टोबरात आला तेव्हा आमच्या इथे आला कधी गेला कधी कळलंच नाही, २०२४च्या सप्टेंबरात परत लावला तेव्हा लोक नटूनथटून गेले. त्यात दचकवणारं तसं कमी आहे, पण तो पाऊस, तो वाडा, ते दळण, ते भयाण आहे. माझ्या हिशेबाने भीतीच्या पिक्चरला द्यायची सगळ्यात वरची पदवी भयाण.

शिरोड्याचं मीठ
पण त्यातला हस्तर देव कोकणातला नाही हां. असा देव आमच्या कुठल्या राठीत, म्हणजे गावदेवांत, नाही, सातेरी आहे, रवळनाथ आहे, भूतनाथ पण आहे. खुद्द तुंबाड गाव खेड तालुक्यात आहे, तिथे तरी कोणी ऐकलाय का.

खाडीपलीकडचा
नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत' कादंबरीवरून घेतलंय, गोष्ट वेगळी आहे. जगबुडी नदीच्या काठी पाऊस असतो एवढं खरं.

आता पुणेकर
मी मूळचा देवगडचा, पण इथे ऑक्टोबरभर ऑफिसात भोपळे आणि कोळिष्टकं लावतात, हॅलोविनला, आणि एचआरने मला 'हॉरर सीझन'चं मराठी विचारलं पोस्टरसाठी. मी "भयाचा हंगाम" दिलं. बॉस म्हणे हंगाम आंब्याचा असतो, उसाचा असतो. मी म्हटलं मासेमारीचा पण असतो, १ ऑगस्टला सुरू होतो, विचारा कोणालाही. बरोबर ना?

एश्टीचा पास
बरोबर. हंगाम फारसीतला, हंगामा त्याचाच भाऊ. हॉररला दोन्ही चालतात.

नाताळची नेवरी
त्यांचं ३१ ऑक्टोबर कशावरून आलं तर १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, त्याची आदली रात्र. आणि २ नोव्हेंबरला आम्ही सगळे सिमिटरीत जातो, थडगी धुतो, मेणबत्त्या, फुलं. घाबरायला नाही जात, भेटायला जातो. त्यामुळे भोपळ्याचं मला कधी कळलं नाही.

शिरोड्याचं मीठ
तसे आमचे म्हाळ. भाद्रपदात पंधरवडाभर कावळ्याला हाका मारतो, या जेवायला. गेलेल्या माणसांचा खरा हंगाम तो. त्यात कोण घाबरतो? वडे असतात.

खाडीपलीकडचा
वड्यांवरून आठवलं, म्हाळाला काळ्या वाटाण्याची आमटी करतात की चण्याची? आमच्याकडे यावरून दोन घरं बोलत नाहीत.

शिरोड्याचं मीठ
काळे वाटाणे. ह्यात विचारूचा काय?

नाताळची नेवरी
एक शंका राहिली, झपाटलेला आणि अंगात आलेला यात तुमच्याकडे काय फरक? सबटायटलवाले दोन्हीला एकच लिहितात.

खाडीपलीकडचा
जमीन-अस्मानाचा. अंगात येतो तो देव, त्याला हळदकुंकू लावतात, प्रश्न विचारतात, पाया पडतात. झपाटतं ते भूत, त्याला हाकलतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच, केस मोकळे आणि घुमणं. एकाला नारळ, दुसऱ्याला धुरी. आणि २०१३च्या जादूटोणा कायद्यातही "भूत उतरविण्याच्या बहाण्याने" असेच शब्द आहेत, म्हणजे सरकारी मराठीला सुद्धा उतरवणंच सापडलं, निष्कासन नाही सापडलं. तत्समप्रेमी, नोंद घ्या.

तत्समप्रेमी
नोंद घेतली. उतरवणे चांगला शब्द आहे. माझा विरोध तद्भवाला नाही, आळसाला आहे. ज्याला भयंकर गोड म्हणायचं त्याने म्हणावं, पण मग खरोखर भय वाटेल त्या दिवशी त्याच्याकडे शब्द उरत नाही, तुमच्या वळेसरबाईंसारखं होतं.

सुरंगीचा वळेसर
माझ्याकडे उरलेत ना, दचका, शिसारी, भयाण, कसंतरी. एवढे मिळाले इथे. ग्रुपवर ब्लॅक फोन २ साठी टाकलं आत्ता, "दोन दचके, शिसारी थोडी, बर्फातले सीन भयाण." तर एकाने लिहिलं, "ताई, सरळ सांग ना, जायचं की नाही."

एश्टीचा पास
मग काय सांगितलंस?

सुरंगीचा वळेसर
काही नाही, विचार करतेय.

नवा_सभासद
भयंकर म्हणजे भय उत्पन्न करणारा. संस्कृत शब्द आहे. यात चर्चेसारखं काय आहे?

खाडीपलीकडचा
वरचं वाचलंत का?

नवा_सभासद
नाही, भयंकर लांब आहे.