वारसा ठरायला ६० वर्षांची अट कशासाठी?
पन्नास वर्षांच्या काँक्रीटच्या इमारतीत जपण्यासारखं काय असतं, असं कुणी विचारेल. दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन घ्या. १९७२ चा, वास्तुरचना राज रेवल यांची, अभियंते महेंद्र राज. पोलाद महाग, म्हणून त्याच्या सांगाड्याची अवाढव्य त्रिमितीय जाळी मजुरांनी जागेवरच काँक्रीट ओतून उभी केली. आत मधे एकही खांब नाही! ६० वर्षं भरली नाहीत म्हणून वारसा ठरला नाही, आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडला. ही वयाची अट मला साफ चुकीची वाटते.

अहमदाबादच्या आयआयएममधल्या अमेरिकन वास्तुकार लुई कान यांच्या वसतिगृहांवर डिसेंबर २०२० मध्ये तीच, पाडले जाण्याची वेळ आली. तेव्हा मात्र जगभरातून इतका विरोध झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. २०२२ मध्ये संस्थेने पाडण्याचा विषय पुन्हा काढलाच.