निफ्टी २५ डिसेंबर म्हणजे २५ तारीख नव्हे

कुलकर्णीकाका (ए-१०१): शेअर बाजारातलं कळणारं कोणी आहे का ग्रुपवर? भाच्याने हे पाठवलंय: निफ्टी२५डीईसी२६०००सीई. २५ डिसेंबरला तर नाताळ, बाजार बंद. मग हे संपणार कधी?

निशांत (सी-५०२): काका, ती तारीख नाही. २५ म्हणजे २०२५ साल. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. मंथली, म्हणजे महिनाअखेर संपणाऱ्या ऑप्शनच्या नावात तारीख नसतेच. एनएसई या शेअर बाजारात महिन्याचा शेवटचा मंगळवार धरायचा, म्हणजे ३० डिसेंबर.

कुलकर्णीकाका: आणि हे? निफ्टी२५डी०९२६०००सीई

निशांत: हे वीकली, आठवड्याला संपणारं. साल २५, डी म्हणजे डिसेंबर, तारीख ०९, पुढे २६००० स्ट्राइक, म्हणजे तो ठरलेला भाव. वीकलीत महिन्याला एकाच अक्षराची जागा. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, मग ओ, एन, डी. ऑक्टोबरचा ओ हमखास शून्य वाटतो 😅

स्मिता (बी-३०४): सगळं चिकटलेलं. कुठलं काय, कसं ओळखायचं?

निशांत: मागून वाचा ताई. शेवटी सीई म्हणजे कॉल, घेण्याचा हक्क; पीई म्हणजे पुट, विकण्याचा. निफ्टीत त्याआधीचे पाच आकडे स्ट्राइक. उरलं ते नाव, साल आणि महिना; वीकलीत तारीखही.

कुलकर्णीकाका: डिसेंबरच्या मंथलीचा भाव १८० दिसतोय. एक घेऊन बघू?

निशांत: एक मिळत नाही काका. लॉटनेच, म्हणजे ठरलेल्या गठ्ठ्यानेच घ्यावं लागतं. डिसेंबर २०२५ च्या ऑप्शनचा लॉट ७५ चा, म्हणजे १३,५०० रुपये. लॉट नावात कुठेच लिहिलेला नसतो. आणि ३० तारखेला निफ्टी २६००० च्या वर बंद झाला नाही तर सगळे गेले.

देशपांडे (ए-४०३): बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्येच सांगितलंय, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधले शंभरातले ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. आम्ही आपले एफडीवाले.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार. सकाळी ९ ते १२ पाणी बंद. वरच्या गडबडीत हे वाचायचं राहू देऊ नका 🙏

स्मिता: निशांत, आमच्या ह्यांच्याकडे रिलायन्स२५डीईसी१५००सीई आहे. तेही ३० लाच?

निशांत: हो ताई, पण निफ्टीसारखा शेअरच्या ऑप्शनचा हिशेब नुसत्या पैशांत मिटत नाही. त्या दिवशी भाव १५०० च्या वर राहिला तर एका लॉटचे ५०० शेअर खरोखर घ्यावे लागतात. साडेसात लाख. शेवटच्या दिवसांत ब्रोकर मार्जिनही, म्हणजे त्याच्याकडे ठेवायची अनामतही, वाढवत नेतो. त्याआधीच विकून मोकळे व्हा म्हणावं.

स्मिता: साडेसात लाख?? मला वीस हजार सांगितलंय. थांब, विचारते.