रोजच्या धावपळीत मौन: साधना की पळवाट?

पाऊलवाट

मौन पाळायला सगळं सोडून कुठेतरी लांब जावं लागतं, हा समज मला पटत नाही. नोकरी, मुलं, घरातलं आजारपण यांत बुडालेल्या माणसालाच मौनाची जास्त गरज असते, आणि ती नुसती डोकं शांत व्हावं म्हणून नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचं, वाणीचं आणि मनाचं अशी तीन तपं सांगितली आहेत. त्यांत मौन येतं ते मनाच्या तपात. वाणीचं तप वेगळं आहे: कुणाला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. म्हणजे तोंड मिटणं ही सुरुवात झाली, पुढचं काम आत करायचं असतं.

ते कसं, ते माझ्यापुरतं सांगतो. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास मी बोलत नाही. फोनही लांब ठेवतो, कारण टाइप करत राहिलो तर बोलणं चालूच राहतं. अशा वेळी कानावर काही न पटणारं पडलं की श्वास भरला जातो, जीभ टाळूकडे उचलली जाते, वाक्य घशाशी येऊन थांबतं. ते तसंच राहू दिलं की कळतं, त्यातलं किती समोरच्याला सांगायचं होतं आणि किती 'माझंच खरं' म्हणून मिरवायचं होतं. एरवी हे कळायच्या आत वाक्य बाहेर पडलेलं असतं. अहंकारावर प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण तो असा रंगेहाथ सापडतो तो याच वेळात.

उंबरठा

तुमच्या घरचं मला माहीत नाही, पण त्या अर्ध्या तासात दार कोण उघडतं? मुलांच्या प्रश्नांना उत्तरं कोण देतं? एकाने मौन धरलं की त्याच्या वाटचं बोलणं घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी पडतं, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते.

माझ्या सासूबाईंना दिसत नाही, त्या अंथरुणाला खिळून आहेत. मी खोलीत आले हे त्यांना आवाजावरूनच कळतं. "आई, मी आलेय. आता कूस बदलू या. माझा हात धरा." असं बोलत बोलतच त्यांचं सगळं करावं लागतं. न बोलता अंगाला हात लावला तर दचकतात, मग बराच वेळ हात थरथरत राहतात. तिथे गप्प राहणं निष्ठुरपणाचं होईल. मला देव त्या बोलण्यात भेटतो. त्याला मौनापेक्षा खालची पायरी का मानायची?

टाळमृदंग

उंबरठा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. हरिपाठ 'हरि मुखे म्हणा' असं सांगतो. नामदेवांनी कीर्तनाच्या रंगी नाचायचं ठरवलं. प्रपंचात अडकलेल्यांसाठी संतांनी दाखवलेली वाट ही अशी मोकळ्या गळ्याची आहे. नवख्या माणसाला गप्प बसवलं तर त्याचं मन दिवसभराची भांडणं उगाळत बसतं. शिवाय 'मला काय वाटलं, मी काय बोलणार होतो' हे निरखण्यात मधोमध 'मी'च राहतो की! नामात त्याचा विसर तरी पडतो.

जागल्या

मला वेगळी भीती वाटते. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचं मौन घेतलं होतं. ते चालू असतानाच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. सर्वोदयातले त्यांचे सहकारी जयप्रकाश तुरुंगात गेले. आणि विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द उचलून सरकारने ते आणीबाणीच्या प्रचाराला वापरले. त्यांच्या साधनेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण जो बोलत नाही त्याच्या नावावर दुसरे बोलून घेतात. कचेरीत एखाद्या कनिष्ठाचा पाणउतारा होताना 'मी आपला शांत राहतो' म्हणणारी माणसं रोज पाहतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

काठावरून

जागल्या, मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला होता: सत्तेचं ते शासन, आचार्यांचं ते अनुशासन. तोवर उशीर झाला होता, हे मात्र मान्य. पण गांधीजींचा सोमवारही विसरू नका. सोमवारी ते बोलत नसत, चिठ्ठ्या लिहून कामं चालू ठेवत. त्यांनीच लिहून ठेवलंय की सुरुवातीला कामाचा ताण कमी व्हावा आणि लिखाणाला वेळ मिळावा म्हणून मौन धरलं, त्याचं आध्यात्मिक मोल पुढे सरावाने उमगलं. कुणी निव्वळ थकवा घालवायला गप्प बसत असेल तर बसू दे, सुरुवात तिथूनही होते.

पाऊलवाट

उंबरठा, माझ्या अर्ध्या तासात मुलांकडे बायको बघते, तिच्या अर्ध्या तासात मी. हे ठरवूनच सुरू केलं, नाहीतर करण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंशी बोलणं थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. तुमचं ते बोलणं गीतेतल्या वाणीच्या तपात चपखल बसतं.

टाळमृदंग, मन भांडणं उगाळतं हे अगदी खरं, पण ते उगाळताना दिसावं यासाठीच तर बसायचं. नामाला माझा विरोध नाही, मौनात नाम घेणारेही पुष्कळ आहेत.

जागल्यांना एवढंच सांगतो की गप्प राहून माझी कातडी वाचणार असेल, तर मी त्याला मौन म्हणत नाही. तिथे बोलायलाच हवं, आवाज कापरा झाला तरी.

उंबरठा

आलटून पालटून होत असेल तर माझा आक्षेप नाही. पण अशी घरं किती आहेत? जिला कुणी सोडवायला येत नाही, तिला तुमचं मौन मिळणार कुठून, याचं उत्तर मिळालेलं नाही. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मला थोडा वेळ मिळतो. तेव्हा मी बहिणीला फोन करते आणि भरभरून बोलते. त्या बोलण्यावरच माझा पुढचा दिवस निघतो. कुणी कितीही मोठं तप सांगितलं तरी तो फोन मी सोडणार नाही.